शेजारची कळी

—नका सोडू! ती दोरी नका सोडू अहो, मियाझोनो-सान! हात जिथं आहे तिथंच राहू दे. हं, अस्सं. घाबरवलं का मी? घाबरलात तर बरंच झालं. सकाळी ऊन काय पडलं, बर्फ जरासा काय खचला, की निघाले लगेच कात्री घेऊन — आणि हे काय, अर्ध्या बाह्या? मार्च महिन्यात, आसाहिकावात, अर्ध्या बाह्या! तुम्ही तिकडून दक्षिणेतल्या गरम कागोशिमाहून आलात हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालंय, ते असं अंगात घालून दाखवायची गरज नाही. — 'उबदार आहे' काय, 'उबदार आहे'! आत्ता आहे. संध्याकाळी विचारा मला. इथलं मार्चमधलं ऊन म्हणजे नवरदेवाकडचं पाहुणं, कधी हसेल नि कधी रुसून गाडीत जाऊन बसेल, सांगता येत नाही. परवा माझी बाहुली — म्हणजे ही, पाठीवर आहे ना, झोपलीय, मियो — हिला मी ऊन बघून एक स्वेटर कमी घातला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाईस्तोवर असा बर्फ सुरू झाला की काय सांगू. आडवा. तोंडात जाणारा. परत येईपर्यंत पुन्हा ऊन. दुकानदारीण म्हणाली, तुम्ही काय पोहून आलात?

हा डबा धरा आधी. कोबीचं लोणचं आहे, हेरिंग मासा घालून मुरवलेलं. वास येईल, त्याला घाबरू नका, वास येतो म्हणूनच ते चांगलं. सासूबाईंचं आहे, डिसेंबरात घातलेलं — मी नाही घातलं, मी फक्त त्यावरचा दगड उचलला. डबा परत द्यायची घाई नाही. नाही, सहजच आले हो. कशासाठी काय — शेजारी आहोत, कुंपणाला कुंपण लागून आहे, लोणचं द्यायला कारण कशाला लागतं?

तर सांगत काय होते — हं, दोरी. हे बांबू-पेंढ्याचं काम कुणाचं आहे माहीत आहे ना? नुमाता सरांचं. तुम्हाला घर विकलं, सामान बांधलं, मुलीकडे जायची गाडी दारात उभी, आणि सर इथं बागेत, गुडघ्यावर, झाडाभोवती पेंढ्याची चटई गुंडाळतायत. मुलगी ओरडतेय, बाबा, घर आता आपलं नाही, येणारा बघेल! सर म्हणाले, येणारा जानेवारीत येणार, तोवर हे कोण बघणार? — आणि येणारा आला तो हा असा. अर्ध्या बाह्या घालून. हसू नका, मला सरांचा चेहरा दिसतोय. — नाही नाही, तुमची काय चूक, तुमच्या तिकडे झाडांना कुणी कपडे घालत असेल असं वाटत नाही. माझीही नव्हती हो पहिल्या वर्षी. मी हाकोदातेची, तीही चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली, माझ्या माहेरी बाग म्हणजे खिडकीतली कांद्याची पात. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, ही बागेत एवढी भुतं का उभी केलीत? सासूबाई म्हणाल्या, भुतं नाहीत, पाहुणे आहेत, झोपलेत, आवाज करू नकोस.

आत काय आहे, आहे कल्पना? नाही ना? मग उघडायला काय निघालात — लग्नातला आहेर आहे का? बोतान आहे. हो, बोतान, तोच, जेवायच्या थाळीएवढी फुलं येतात तो. तुमच्याकडे तर आत्ता फुलतही आला असेल. इकडे मेच्या शेवटी, काही वर्षी जूनमध्ये. आत त्याच्या काड्यांवर कळ्या असतात, लालसर, घट्ट मुठीसारख्या, नुकत्या जन्मलेल्या पोराच्या मुठीसारख्या — आणि सगळी गोम त्या मुठीत आहे. थंडीत त्यांना काही होत नाही. थंडी त्यांना कळते. त्यांना कळत नाही ते हे, आजच्यासारखं ऊन. ऊन लागलं की त्यांना वाटतं झालं, आला वसंत, आणि मूठ जरा सैल करतात. आणि मग रात्री — मग रात्री उणे नऊ. आता अंगात काही नाही आणि दार उघडं, असं. म्हणून पेंढा थंडीसाठी नसतो, उन्हासाठी असतो. उन्हापासून झाकायचं. हे मला — हे कळायला वेळ लागतो. पुस्तकात वाचून कळत नाही. मी पुष्कळ वाचते, ती माझी खोडच आहे. संख्याशास्त्र शिकलेय मी, तुम्हाला खोटं वाटेल. टीव्हीवर सांगतात ना, उद्या बर्फ पडायची शक्यता साठ टक्के — तर साठ टक्के म्हणजे नेमकं काय, हे मी तुम्हाला फळ्यावर लिहून समजावून सांगू शकते. पण आज रात्री पोरीला एक गोधडी की दोन, ते मला सांगता येत नाही. दवाखान्यातली नर्स म्हणाली, हिच्या मानेवर घामोळं आहे. घामोळं! फेब्रुवारीत! बाहेर नाकातले केस गोठतायत आणि माझ्या पोरीला घामोळं. किती कपडे घालता? चार थर. नर्सनं माझ्याकडे असं पाहिलं ना, जसं मी आत्ता तुमच्याकडे बघतेय.

तर, नका सोडू. पूर्ण तर नकोच. — म्हणजे, जरासं — इकडून, या उत्तरेच्या बाजूनं, दोन बोटं फट केलीत, आत डोकावण्यापुरती, तर काही बिघडणार नाही. उलट बघायलाच हवं. उंदीर असतात हो, बर्फाखालून येतात आणि सगळी साल खाऊन जातात, वरून काही कळत नाही. — काय? आत्ताच म्हणाले नका सोडू? हो, मग, सोडू नकाच म्हणतेय. सोडणं वेगळं आणि फट करणं वेगळं. तुम्ही नीट ऐकत नाही, तुमची बायको म्हणतच होती परवा. — नाही, असं काही म्हणाली नाही ती, गंमत केली. किती पटकन चेहरा पडतो तुमचा!

फोन? हा फोन सहज हातात आहे. बरं — हो. फोटो काढायचाय. तुमच्या कळीचा. एकच. नमुना म्हणून.

…कसला नमुना, तेच ना. बरोबर आहे, विचारणारच तुम्ही. ऐका, तुम्ही नवीन आहात, तुम्ही कुणाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. सासूबाई इस्पितळात आहेत हे माहीत आहे ना? फेब्रुवारीत पडल्या, कचरा बाहेर ठेवायच्या दिवशी, दारासमोर. खुब्याचं हाड. शस्त्रक्रिया चांगली झाली, डॉक्टर म्हणाले आठवड्यात उभ्या करू, काठी घेऊन चालतील. पण चालेनात. बसेनातच. व्यायामवाली मुलगी यायची, या म्हणायच्या, आज नको, उद्या बघू. आणि फ्लूची साथ, वॉर्डात लहान मूल घेऊन येऊ देत नाहीत, म्हणजे मला जाताच येत नाही. माझा नवरा सोमवार ते शुक्रवार सप्पोरोत. शनिवारी जाऊन आला आणि मोज्यांसकट जेवणाच्या टेबलापाशी बसून राहिला. म्हटलं, काय झालं? म्हणाला, आई म्हणते, बाग काढून टाका, तिथं गाडी लावा. — तुम्ही त्यांना बागेत पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला काही वाटणार नाही. ही बाई उशीखाली झाडं छाटायची कात्री घेऊन झोपते असं आम्ही चेष्टेनं म्हणतो. पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, आई, इथं गाडी लावायला जागा करायची का? तर आठवडाभर मला आमटीत टोफू कमी वाढला. मोजून कमी. आणि आता स्वतःच म्हणतायत, गाडी लावा. मियोला बघायला येईन असं म्हणत नाहीत. मी घरी आल्यावर, असा शब्दच तोंडात नाही. खोलीतलं कपाट रिकामं केलंत तरी चालेल, म्हणाल्या.

मग मी फोटो पाठवला. काही ठरवून नाही हो — रविवारी जरा ऊन होतं, पेंढा बाजूला सारला, आमचा बोतान, पाच कळ्या. काढला, पाठवला. वर काही लिहिलंही नाही. संध्याकाळी त्या व्यायामवाल्या मुलीचा फोन. म्हणाली, काय केलंत तुम्ही? आजी उठून वॉर्डभर फोन दाखवत फिरल्या, वॉकर धरून! शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, तुमच्याकडे आहे का असलं काही? — झालं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा निरोप, आजचा फोटो कुठाय? तिसऱ्या दिवशीही. मी काय करणार सांगा. रोज पेंढा काढायचा, फोटो काढायचा, पुन्हा बांधायचा. आणि कळी काही रोज बदलत नाही हो! चौथ्या दिवशी त्यांचा निरोप, हा कालचाच आहे का? मला वाटलं, संपलं आता, उद्या उठणार नाहीत. फोटोत रोज काहीतरी नवीन हवं. म्हणून मी — आता हे कुणाला सांगू नका — चुलीतली राख आणली. इथं सगळेच टाकतात, तुम्ही बघितलं असेल, रस्त्याकडेच्या ढिगांवर, वाफ्यावर, काळं काळं टाकलं की बर्फ ऊन पितो आणि लवकर वितळतो. बटाट्याच्या वाफ्यावर टाकतात लोक. फाटकापाशी टाकतात. बोतानच्या बुडाशी कुणी टाकत नाही. मी टाकली. वर फावड्यानं बर्फ फोडून बाजूला केला. अहो, तो बर्फच त्याची गोधडी होता. चार थर घालते मी पोरीला, आणि झाडाचे सगळे काढले!

कळ्या वाढल्या मात्र. दोन दिवसांत दिसण्याइतक्या. फोटो काय सुंदर आला! सासूबाई पायऱ्यांपर्यंत गेल्या. पहिली पायरी चढल्या. व्यायामवालीनं मला व्हिडिओ पाठवला, मागनं काढलेला, एवढीशी पाठ आणि वर आंबाडा. मी दहा वेळा बघितला असेल. आणि काल इतकं ऊन होतं, इतकं, छपरावरचा सगळा बर्फ धबाधबा खाली आला, आणि मला वाटलं, आज राहू दे उघडा. त्यालाही जरा हवा. नर्स म्हणाली होती ना, मोकळं ठेवा. — पोरीबद्दल म्हणाली होती. झाडाबद्दल नाही.

रात्री उणे नऊ.

वाटलंच ना तुम्हाला? काय चेहरा केलात! असा चेहरा करू नका, मला माझाच पुरे आहे. सकाळी बघितलं तर वरच्या तीन कळ्या — शिजवलेल्या वांग्यासारख्या. बोट लावलं तर मऊ. आणि आत्ता अकरा वाजत आले, त्या फोटोची वाट बघत बसल्या असतील, बारा वाजता व्यायामवाली येते, आज दुसरी पायरी आहे. म्हणून तुमची कळी. सरांचं नीट झाकलेलं झाड आहे, सरांनी एक गाठ कधी सैल बांधली नाही. लाल असेल, घट्ट असेल. कुणाला काय कळणार? कळी ती कळी. — फसवणं म्हणता? हो, म्हणा. पण मियाझोनो-सान, तुम्ही चार दिवसांपूर्वी तुमच्या आईला फोनवर सांगत होतात, इथं आता छान उबदार झालंय, काळजी करू नकोस — कुंपणाला कान नसतात असं वाटलं का तुम्हाला? आणि त्या दिवशी तुमच्या पाइपातलं पाणी गोठलं होतं. — हं. करा फट. हळू. हळू हो! बांबू हलवू नका, पेंढाच फक्त, बोटांनी — अस्सं. अगंबाई. अहो, बघा ना. बघा, तुम्हीही बघा, तुमचीच आहे! काय रंग आहे. सर, तुमच्या हाताला — राहू दे. थांबा, माझी सावली पडतेय. मियो, हलू नकोस गं. झाला. अजून एक. झाला. बंद करा आता, चटकन. — पाठवला. पाठवला मी.

'वाचला' अशी खूण आली. लगेच! फोन हातातच धरून बसल्या होत्या.

लिहितायत वाटतं. तुम्ही तोवर दोरी आवळा. अशी नाही, उलटी. — काही आलं नाही अजून. बोटं चालत नाहीत त्यांची लिहिताना, एकेक अक्षर शोधतात, जशा साखरेतून मुंग्या — आलं.

…काय लिहिलंय काय, हे वाचा ना तुम्हीच. 'हा नुमाताचा. आपला कुठाय?'

कसं ओळखलं म्हणून काय विचारता मला! मला कळीच्या जागी कळी दिसली. तीस वर्षं या कुंपणावरून डोकावल्यात त्या, सरांचं फूल मोठं की आपलं, यावर दोघांचं दर वर्षी भांडण व्हायचं, जून महिनाभर एकमेकांशी बोलायचे नाहीत — अरे देवा. वाजतोय. त्यांचाच आहे. घेऊ? नाही घेतला तर? पोरगी झोपलीय म्हणून सांगता येईल. फोन दुसऱ्या खोलीत होता. फोन दुसऱ्या खोलीत होता तर फोटो कुणी — घेते. घेते. तुम्ही हलू नका.

हॅलो. हो आई. बरी आहे, झोपलीय. पाठीवर. — हो. नुमाता सरांचा. — मियाझोनो-सान म्हणून आहेत, चांगले आहेत, कागोशिमाचे. — हो, बांधून घेतेय परत. — आपला… आपला आहे ना. — आई, ते… — काळ्या पडल्या. — तीन. वरच्या. — नाही, खालच्या दोन बऱ्या असाव्यात, मला नीट कळत नाही. — मीच. उघडा ठेवला. रात्रभर. — हो, राखसुद्धा. — चुलीतली. — हो, माहीत आहे. — हो, कळतंय मला. — नाही, रडत नाहीये, नाक वाहतंय, गार वारा सुटलाय इथं. — नाही, अजून काही कापलं नाही. कापणार होते, कात्री काढून ठेवलीय — बरं. — बरं, नाही लावत. — पण आई, डॉक्टर काय — आई? अजून पायऱ्या — हॅलो?

ठेवला.

…काही नाही. रागावल्या. असा आवाज मी महिनाभरात ऐकला नव्हता, बाजूची खाट हलली असेल. शिकलीस कुठे, म्हणाल्या, झाडाखाली राख टाकायला? म्हणाल्या, माझ्या कात्रीला हात लावलास तर बघ. काळं किती खालपर्यंत गेलंय हे बोटानं चाचपून बघावं लागतं, तुला ते जमायचं नाही, आणि त्याला तर नाहीच नाही. — त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. म्हणाल्या, कुणी काही करू नका. मी घरी आल्यावर कापते.

हो, असंच म्हणाल्या. मी घरी आल्यावर.

आणि मी विचारतेय डॉक्टर काय म्हणतात, तर मला नाही, तिकडेच कुणालातरी ओरडून सांगितलं, ए, त्या मुलीला आत्ताच बोलवा, बारा वाजेपर्यंत कोण थांबणार. आणि फोन ठेवला.

…अहो, असे बघत काय उभे राहिलात? मला काही झालेलं नाही. उन्हानं डोळे दिपतात, बर्फावरून येतं ना ते. दोरी आवळलीत? मग जा आता. जा आत, स्वेटर घाला. — नाही, काही नको, पाणीबिणी नको. मी इथंच जरा उभी राहते. तुम्ही जा म्हटलं ना. आणि पडदा ओढून घ्या.